साडेबाराची सुट्टी

सोमवार, ता. ३

अर्धा तास! माझ्याच जेवणाचा अर्धा तास मला नको, एवढं सांगायला गेले तर पेनवाल्याने वीस मिनिटं उभं करून ठेवलं. पेनवाला म्हणजे आमच्या धुलाई कारखान्यातला सुपरवायझर. खिशाला चार पेनं, आणि सही करायची वेळ आली की दुसऱ्याचं मागतो. म्हणे, "जेवणाची सुट्टी असते ती. तुम्हाला नको म्हणून चालत नाही."

का चालत नाही? पोट माझं!

"नियम आहे."

नियमाला भूक लागते का? मी म्हटलं, साहेब, दिवसाच्या बारा ढकलगाड्या चादरी ठरलेल्या. बारा संपल्या की माणूस मोकळा, हे भिंतीवर तुम्हीच चिकटवलंय. मग मी न जेवता बारा संपवल्या आणि पाचच्या ऐवजी साडेचारला गेले तर तुमच्या बापाचं - नाही, एवढं बोलले नाही. तोंडापर्यंत आलं होतं.

शेवटी म्हणाला, "पलीकडचीला विचारा. ती तयार असेल तर मी काही बघितलं नाही."

पलीकडची म्हणजे इस्त्रीच्या रोलरच्या पलीकडे उभी राहते ती. मी अलीकडून ओली चादर दोन कोपरे ताणून लावायची, ती तापत तापत आत जाते, पलीकडे कोरडी कडक निघते, ती धरते आणि घडी घालते. सहा वर्षं झाली. मधे सगळी वाफ. तिचं तोंड मला निम्मंच दिसतं, हात मात्र पाठ आहेत.

विचारलं कसलं, सांगून टाकलं. "उद्यापासून साडेबाराला थांबायचं नाही. सरळ ओढायचं. साडेचारला घरी."

ती म्हणाली, "बरं."

झालं की! एक शब्द. पेनवाल्याला वीस मिनिटं लागली.


मंगळवार, ता. ४

जमलं! चार पंचविसाला बारावी गाडी रिकामी.

घाई कशाची, असं सगळे विचारतात. कुणाला सांगू? इथे सांगते. पोरगी घर सोडून चालली आहे.

ती बोललेली नाही. पण तिच्या कपाटातल्या घड्या कमी होतायत. दिवसभर कापड मोजणाऱ्या बाईला हे कळणार नाही होय? आधी स्वेटर गेला. मग निळा ड्रेस, मग दोन ओढण्या. रविवारी मोजलं - अकरा कपडे नाहीत. आणि रिकामी जागा दिसू नये म्हणून उरलेल्या घड्या सैल करून, फुगवून ठेवल्यात. आमच्याकडे नवीन बायका गाडी भरलेली दिसावी म्हणून करतात, अगदी तस्सं. माझ्याच पोटची!

कुठे चालली? कुणाबरोबर? बावीस वर्षांची आहे, मी काही तिला बांधून ठेवत नाही. पण सांगून जा ना! सांगून गेली तर काय मी पाय धरणार आहे?

अडचण अशी की बोलायला वेळ नाही, आणि वेळ असला तर जागा नाही. ती टेलिफोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायचं काम करते, संध्याकाळी सहाची पाळी. सव्वापाचला घरातून निघते. मी पाचला सुटून पाच चाळीसला पोचते. ती परत येते तेव्हा मी झोपलेली, मी निघते तेव्हा ती झोपलेली. एका खोलीत, एका बिछान्यावर राहतो आम्ही. मला तिच्या पायाचा अंगठा रोज दिसतो. तोंड रविवारी.

आणि रविवारी काय? घर दिरांचं. नवरा गेला तेव्हा पोरगी तीन वर्षांची, भाऊजी म्हणाले मागची खोली आहे, राहा. एकोणीस वर्षं मागच्या खोलीत. आमच्यात आणि स्वयंपाकघरात एक फळी, तीही छतापर्यंत पोचत नाही. आम्ही शिंकलो तर पलीकडून जाऊबाई औषधाचं नाव सांगतात. आणि "चल गं, जरा बाहेर फिरून येऊ" म्हटलं की जाऊबाई चपला घालून तयार - "थांबा, मीपण येते!"

म्हणून ठरवलंय. साडेचारला सुटायचं, पाच दहाला घरी, आणि ती निघाली की तिच्याबरोबर चालत गाडीच्या थांब्यापर्यंत जायचं. दहा मिनिटांचा रस्ता. तेवढा पुरे. रस्त्याला कान नसतात.

आज बसच चुकली, पोचले तोवर ती गेलेली. उद्या बघते.


बुधवार, ता. ५

पाच नऊला पोचले. पोरगी गेलेली! जाऊबाई म्हणाल्या, "मघाशीच गेली की. पावणेपाचला." आज म्हणे पाळी लवकर लागली.


गुरुवार, ता. ६

आजही पाचच्या आतच गेली! मी थांब्यापर्यंत पळत गेले. गाडी निघून गेलेली, धूर तेवढा होता. परत आले तर जाऊबाई दारात - "काय विसरलीस?" म्हटलं, काही नाही.

पलीकडची आज दोनदा घडी चुकली. मी ओरडले. तिने परत घातली. बॉयलरवाला साडेबाराला दाराशी येऊन उभा राहिला, आमच्याकडे बघितलं आणि गेला. तो तिचा नवरा. कानाने जरा जड, बॉयलरच्या आवाजाने. त्याला म्हटलं, वाफ कमी येतेय, तिकडे बघा! हाताने "हो हो" केलं.


शनिवार, ता. ८

आता चहाचीही सुट्टी सोडली. पावणेअकराचा चहा, पंधरा मिनिटं. चहा उभ्यानेच गार होतो, त्याला सुट्टी कशाला? सव्वाचारला बाहेर! बसमध्ये उभी राहिले, बसले असते तर झोप लागली असती. चार पंचावन्नला घरी.

पोरगी साडेचारला गेली.

म्हणजे मी अर्धा तास आधी आले की ती अर्धा तास आधी जाते. मी आणखी पंधरा मिनिटं आधी आले की ती आणखी पंधरा मिनिटं आधी. मी न जेवता, न बसता, कोपर भाजून घेऊन धावतेय, आणि ती आपली पुढेच! ही काय शर्यत लावलीय?




रविवार, ता. ९

ती दुपारी एकला उठली, केस धुतले, टॉवेल बांधून बसली. मी तोंडाकडे बघत राहिले. म्हणाली, "काय?" मी म्हटलं, "काय काय?" फळीपलीकडे भांड्यांचा आवाज बंद झाला. ऐकायला. मी चादर झटकायला घेतली. मग तिकडे भांडी परत वाजायला लागली.

आज बारा कपडे नाहीत.


सोमवार, ता. १०

सापडलं! गाढव आहे मी, गाढव!

बसमध्ये बसले की रोज घरी फोन करते - "निघाले." एकोणीस वर्षांची सवय. "निघाले" म्हटलं की जाऊबाई हातातलं काम ठेवून पाय पसरायला मोकळ्या, उरलेलं करायला आहेच मी. तर आज फोन केला आणि कानाला तसाच राहिला. पलीकडे जाऊबाईंचा आवाज - "निघाली गं तुझी आई! चाळीस मिनिटांत हजर!" आणि लगेच पोरीच्या पिशवीची चेन. झर्रकन. मी ऐकली.

मीच रोज शिट्टी वाजवत होते.

उद्या फोन नाही. घर जळालं तरी फोन नाही.


मंगळवार, ता. ११

गाठलं. आणि सगळं नासवलं.

फोन केला नाही. चार पंचावन्नला दार ढकललं तर पोरगी समोर, चपला घालतेय. हातात पिशवी. नेहमीची नाही - मोठी, कापडी, गच्च भरलेली. माझं ठरलेलं होतं - काही बोलायचं नाही, "चल, थांब्यापर्यंत येते" एवढंच म्हणायचं. आठ दिवस तेच घोकत होते, रोलरसमोर, बसमध्ये, न्हाणीघरात.

आणि तोंडातून काय निघालं? "कुठे चाललीस एवढी पिशवी घेऊन? कपडे कुठे जातायत तुझे? बारा आहेत! मोजलेत मी!"

माझा आवाज म्हणजे काय, कारखान्यातला. रोलरवरून पलीकडे पोचायची सवय त्याला.

जाऊबाई हात पुसत बाहेर. भाऊजींनी पेपर खाली केला.

पोरगी पांढरीफटक. म्हणाली, "धुवायला टाकायचेत."

जाऊबाई हसल्या. "हे बरंय! आई धुलाईच्या कारखान्यात, आणि लेक कपडे बाहेर धुवायला देते! बघू गं कसले मळलेत?" आणि पिशवीला हात घातला. पोरीने पिशवी ओढली. एवढी ओढली की बंद तुटला. तशीच छातीशी धरून उतरली. मी मागे धावले, जिन्यात. खालच्या पायरीवरून तिने वर बघितलं.

"म्हणून... म्हणूनच मी थांबत नव्हते. तू विचारशील, आणि सगळ्यांच्या देखत विचारशील."

गेली.

मी वर आले. जाऊबाई म्हणाल्या, "काही लपवताय का तुम्ही दोघी?" मी भांडी घासायला घेतली. तीच ती तीन भांडी दोनदा घासली.


बुधवार, ता. १२

साडेबाराला रोलर थांबला.

मला वाटलं वीज गेली. पंखा चालू होता. पलीकडे बघितलं तर पलीकडचीने लाल बटण दाबलेलं, आणि ॲप्रन काढतेय!

"गाडी अर्धी आहे!" मी ओरडले.

"असू दे अर्धी."

"अगं, सव्वाचारला -"

"तुझं सव्वाचार तुझ्याजवळ ठेव. आठ दिवस दिले तुला." वाफ बसली होती, म्हणून तिचं तोंड पूर्ण दिसलं. डोळ्यांखाली काळं. "माझा नवरा बॉयलरशेजारच्या खोलीत राहतो, माहितीय ना? बॉयलर एकटा सोडता येत नाही. आठवड्यातून एक दिवस घरी येतो, तो झोपण्यात जातो. आमचा संसार हा साडेबारा ते एकचा. गेटजवळच्या बाकावर. आठ दिवस तो एकटा जेवतोय, आणि मी तुझ्या चादरी धरतेय."

मला राग आला. खरं लिहिते, आधी रागच आला. म्हटलं, "मग आधी बोलायचं ना! 'बरं' कशाला म्हणालीस?"

"तू विचारलंस का? तू सांगितलंस. सांगितल्यावर माणूस 'बरं' म्हणतं."

डबा घेऊन गेली. मी अर्ध्या गाडीपाशी उभी. विचारलं नाही, हे खरं. पण कुणी तरी तोंड उघडून भांडावं की नाही माझ्याशी? घरात "बरं", इथं "बरं". मला काय स्वप्न पडतं?


गुरुवार, ता. १३

आज अब्रू गेली.

साडेबाराला ती गेल्यावर मी बटण परत चालू केलं. म्हटलं, मी एकटी करते. चादर लावायची, पळत रोलरला वळसा घालून पलीकडे जायचं, धरायची, घडी, परत पळत अलीकडे. दोन जमल्या. तिसरी लावून पलीकडे पोचले तर ती खाली लोळतेय. उचलते तोवर अलीकडची चौथी वाकडी आत गेली, तिच्यात पाचवी गुंडाळली, आणि वास सुटला. जळक्याचा. बटण दाबायला धावले तर खाली पडलेल्या चादरीवरून घसरले. बसलेच मी, जमिनीवर, फतकल मारून, आणि डोक्यावर सहावी.

पेनवाला आला. त्याने आधी चादर उचलली, मग मी दिसले.

"एकटीने दोन्ही बाजू?"

मी उठायला लागले.

"माझ्याही बायकोला असंच वाटतं." आणि हसला, मेला. मग म्हणाला, "उद्यापासून साडेबाराला मी स्वतः बटण बंद करणार. बाई, बाहेर जाऊन बसा. खा काहीतरी. तोंड बघा तुमचं."

आठ चादरी परत धुवायला. सुटायला सव्वापाच वाजले. एवढ्या धावपळीनंतर सव्वापाच!


शुक्रवार, ता. १४

नीट लिहिते. एक एक.

साडेबाराला पेनवाल्याने बटण दाबलं. मी कपाटापाशी डबा घेऊन उभी. कुठे बसावं कळेना. दहा दिवसांत विसरलेच. पलीकडची माझ्यापुढून गेली, पुढे जाऊन थांबली. "ये. बाकावर तिघं मावतात. तू जाडी नाहीस आता."

गेले. बॉयलरवाला आधीच बसलेला. तिने डबा उघडला, त्याने न बोलता झाकण घेतलं, तिने न बोलता त्यात वाढलं. मी दुसरीकडे बघत जेवले. तो मोठ्याने बोलतो, ऐकू कमी येतं म्हणून. एकदम मला म्हणाला -

"मुलगी आज नाही आली?"

मी म्हटलं, "कुणाची?"

"तुमची! तुमच्यासारखंच कपाळ. ह्या बाकावर बसायची. चार वेळा आली."

माझा घास हातातच. पलीकडचीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "काय म्हणताय तुम्ही? नीट सांगा."

त्याने सांगितलं. मागच्या आठवड्यात तीन वेळा, ह्या आठवड्यात सोमवारी. बरोबर साडेबाराला गेटवर. नातेवाइकाला भेटायचं तर सुट्टीतच, हा नियम. ती वॉचमनला विचारायची, आईला बोलावता का? वॉचमन म्हणायचा, तुमची आई हल्ली सुट्टी घेत नाही. मग ती एक वाजेपर्यंत बाकावर बसून राहायची आणि जायची. एकदा ह्याने तिला आपल्यातलं खायला दिलं. खाल्लं म्हणे.

"मला का नाही सांगितलंत?" मी ओरडले. त्याला ऐकू गेलं बरोबर.

"ती म्हणाली नका सांगू. म्हणाली, सांगितलंत तर आई घरी जाऊन सगळ्यांसमोर विचारेल. म्हणाली, घरात बोलता येत नाही, म्हणून इथे आले." मग बायकोकडे बघून, "तुला सांगणार होतो. पण तू कुठे येत होतीस?"

पलीकडची माझ्याकडे बघत होती. भांडली असती तर बरं झालं असतं.

मी विचारलं, काय सांगायचं होतं तिला? तो म्हणाला, ते नाही बोलली. घड्याळाकडे बघायची सारखी. तुमच्यासारखीच.

दुपारी चादरी सरळ लागत नव्हत्या. पलीकडून ती प्रत्येक वाकडी चादर ताणून सरळ करत होती, न ओरडता.


शनिवार, ता. १५

नेहमीसारखी पाचला सुटले. "निघाले" म्हणून फोन केला. पाच चाळीसला घरी. पोरगी गेलेली, जाऊ दे.

तिच्या उशीखाली चिठ्ठी ठेवली. वहीत एवढं लिहिते, पण तिला लिहायचे पाच शब्द, त्यांना तीन कागद गेले. "सोमवारी ये. सुट्टी घेते आता." सही केली नाही. दुसरं कोण लिहिणार?


रविवार, ता. १६

तिच्या हातात चिठ्ठी पोचलीय. उशीखाली नाही.

ती उठली, केस विंचरले. मी समोर बसून बटणं लावत होते. विचारलं नाही. एकदा तोंड उघडलं, तर उठून पाणी प्यायले. दुसऱ्यांदा उघडलं, परत पाणी. जाऊबाई म्हणाल्या, "आज एवढं पाणी कशाला पितेस?" पोरीने मान खाली घातली. हसत होती की काय कोण जाणे.

माझ्या आयुष्यात मी एवढी गप्प बसलेली नाही. दात दुखले.

उद्या काय सांगणार, मला माहीतच आहे. कुणीतरी मुलगा असेल. त्याच्याबरोबर राहणार असेल. बरं, राहा. पत्ता दे, एवढंच म्हणणार. रडणार नाही. मी काय रडणारी आहे? पण मग ती खोली, ती फळी, आणि मी एकटी. बिछाना एकदम मोठा होईल. ते जाऊ दे. पत्ता दे म्हणायचं आणि हळू आवाजात म्हणायचं.


सोमवार, ता. १७

आली. बारा एकतीसला. पलीकडची आणि तिचा नवरा उठून गेटच्या दुसऱ्या बाजूला गेले.

मुलगा-बिलगा कुणी नाही. खोली घेतलीय तिने, तिच्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत, दुसरा मजला. चारी भिंती छतापर्यंत. कपडे तिथे नेऊन ठेवतेय. दोन खाटा टाकल्यात.

मी म्हटलं, दुसरी कुणाची?

"तुझी. कुणाची म्हणजे? तेच विचारायला चार वेळा आले." मग म्हणाली, "काकूंना काय वाटेल, काका काय म्हणतील, हे मला सांगू नकोस. तुला यायचंय का, ते सांग."

मी. माझ्या तोंडाला कधी कुलूप लागत नाही. एक शब्द निघाला नाही. एक वाजला, पेनवाल्याने हाक मारली, मी डबा हातात घेऊन तशीच बसलेली.

ती उठली. "मालकाला नावं द्यायचीत. एक लिहू का दोन? 'बघू' नको, 'बरं' नको. गुरुवारी ह्याच वेळेला येते. हो की नाही, तेवढं सांग."